नौपाड्यातले कॅसेट उतरवून देणारे दुकान आणि आजीची डाळिंबी साडी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका आडगल्लीत, गोखले रस्त्याच्या वर्दळीपासून दोन-तीन मिनिटांवर, जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचे चित्रण संगणकावर उतरवून देणारे एक लहानसे दुकान आहे. पाटीवर अजूनही ‘टीव्ही, व्हीसीआर दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले आहे. काका एकटेच काम करतात, चालू स्थितीतली यंत्रे दोनच आहेत आणि हातात असलेल्या कॅसेटीच महिनाभर पुरतील, म्हणून दुकानाचे नाव छापू नका, असे त्यांनी मला सांगितले आहे. ते मी पाळतो. तरीही हा अनुभव लिहावासा वाटला, कारण या कामात रंग नेमका कुठे हरवतो आणि कसा परत मिळतो, हे मला तिथे समोर बसून पाहता आले, आणि पाहताना दिवंगत एड रायटन यांची वारंवार आठवण येत राहिली.

रायटन हे अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रंगीत दूरचित्रवाणीचे इतिहासकार होते. त्यांची-माझी भेट कधी झाली नाही. त्यांनी लिहून ठेवलेले मी वर्षानुवर्षे वाचत आलो, एवढाच काय तो संबंध. पण नुसते लिहिणारे ते नव्हते. आरसीए कंपनीचा १९५४ सालचा सीटी-१०० हा संच, म्हणजे १५ इंची नळीचा आणि त्या काळी १००० डॉलरला विकायला ठेवलेला रंगीत टीव्ही, ते स्वतः दुरुस्त करून चालू करत असत. संच चालवून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहायचे नाही, ही शिस्त त्यांच्या लेखनात जाणवते.

आता कॅसेटकडे वळतो. माझी आजी १९९३ साली मावशीकडे न्यू जर्सीला चार महिने राहून आली होती, आणि तिथे मावशीकडच्या काकांनी घरच्या कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रणाची एक टी-१२० कॅसेट आमच्या कपाटात तीस वर्षे पडून होती. आजी बर्फात नऊवारी सावरत उभी आहे, हे दृश्य त्यात आहे, असे आईच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. गेल्या वर्षी ही कॅसेट मी प्रथम ठाण्यातच दुसऱ्या एका ठिकाणी दिली. आठ दिवसांनी मिळालेल्या प्रतीत बर्फ होता, आजी होती, नऊवारीही होती, पण सगळे काळे-पांढरे. “जुनी टेप आहे, रंग उडाला असणार,” असे तिथल्या मुलाने सांगितले आणि पूर्ण पैसे घेतले.

मला हे पटले नाही, आणि न पटण्याचे श्रेय रायटन यांचे आहे. अमेरिकेत १९५० साली सीबीएस कंपनीच्या फिरत्या चकतीच्या रंगीत पद्धतीला मान्यता मिळाली होती; परंतु घरोघरी असलेल्या काळ्या-पांढऱ्या संचांवर ते प्रक्षेपण दिसतच नसे, आणि १९५१ सालच्या जूनमध्ये सुरू झालेले ते कार्यक्रम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद पडले. डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झालेल्या एनटीएससी पद्धतीने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. चित्राचा काळा-पांढरा भाग होता तसाच ठेवायचा आणि रंगाची माहिती त्याच संदेशात एका वेगळ्या लहरीवर बसवून पाठवायची, म्हणजे जुना संच ती लहर सोडून देईल आणि नवा संच ती वाचून रंग भरेल. थोडक्यात, रंग वाचता आला नाही तर चित्र बिघडत नाही. ते निमूटपणे काळे-पांढरे होते. माझ्या आजीचे झाले ते हेच. अमेरिकेतली रंगलहर ३.५८ मेगाहर्ट्झवर असते, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती ४.४३ वर. पालवर लावून ठेवलेल्या संगणकाला अमेरिकी कॅसेटचा रंग दिसणारच नाही, मग टेप कितीही ठणठणीत असो.

रायटन यांच्या ज्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो, तेही असेच टेपवरून रंग सोडवून आणण्याचे होते. फ्रेड अस्टेअर या नर्तकाचा एक तासाचा कार्यक्रम एनबीसी वाहिनीने १७ ऑक्टोबर १९५८ रोजी दाखवला होता आणि तो रंगीत व्हिडिओ टेपवर आधी मुद्रित केलेला होता. पुढे तंत्र बदलत गेले आणि त्या टेपवर ज्या रीतीने रंग नोंदवले होते ती रीत कालबाह्य झाली. रायटन यांनी डॉन केंट आणि डॅन आइनस्टाइन या सहकाऱ्यांसह ती मूळ टेप वाचून नव्या स्वरूपात उतरवली, आणि जिथे टेप खराब झाली होती तिथल्या फटी पडद्यावरून फिल्मवर घेतलेल्या चित्रणाने भरल्या. या कामाबद्दल त्यांना तांत्रिक विभागातले एमी हे अमेरिकी दूरचित्रवाणीचे पारितोषिक मिळाले. टेप सांभाळली तरी ती वाचण्याची रीत कुणाला तरी ठाऊक असावी लागते, हे त्या प्रकरणातून मला प्रथम कळले.

नौपाड्यातल्या काकांना रायटन हे नाव माहीत नव्हते. परंतु मी कॅसेट पुढे ठेवताच त्यांनी ती हातात घेऊन विचारले, “ही अमेरिकेची आहे ना?” कॅसेटवरच्या टी-१२० या खुणेवरून त्यांनी ते ओळखले होते, आपल्याकडे सर्रास मिळत असे ती ई-१८०. मग त्यांनी झाकण वर करून टेप उजेडात धरली. रिळाच्या कडेला पांढुरकी बुरशी होती, जी ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कुठल्याही कॅसेटला धरते. यंत्रात तशीच घातली असती तर टेप वाचणारे हेड खराब झाले असते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही बुरशी लागली असती. कॅसेटचे पाचही स्क्रू काढून, रिळे वेगळ्या स्वच्छ कवचात बसवून, टेप हाताने सावकाश फिरवत त्यांनी ती पुसून घेतली. या एका कामाला पाऊण तास गेला आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत.

रंग आला. पण आजीची साडी विटकरी दिसत होती, आणि आई ठामपणे सांगत होती की ती डाळिंबी होती. इथे एनटीएससीची जुनी खोड आडवी आली. या पद्धतीत रंगाची छटा लहरीच्या फेजवर, म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकलेली आहे यावर, अवलंबून असते, आणि फेज जराशी सरकली की सगळ्या छटा एकदम सरकतात. म्हणूनच अमेरिकी संचांवर छटा बदलण्याचे स्वतंत्र बटण असे. जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धतीत एकाआड एक ओळीला फेज उलटी करून या चुका परस्परांत खपवून टाकल्या, त्यामुळे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाल्यावर आपल्या घरांत आलेल्या संचांवर रंग कमी-जास्त करण्याचे बटण होते, छटेचे नव्हते. काकांनी संगणकावरची छटेची पट्टी थोडी सरकवली आणि विचारले, “साडी नेमकी कशी होती?”

ती साडी आमच्याकडे अजून आहे, मात्र साडी म्हणून नाही. आजी गेल्यावर आईने तिची गोधडी शिवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी ती गोधडी पिशवीत घालून दुकानात गेलो. वरचा भाग धुण्याने फिका पडला होता, पण काकांनी कडेची शिवण दोन बोटांनी उलगडली, तेव्हा आत दुमडलेल्या कापडाची बोटभर पट्टी मूळ रंगाची निघाली. ती पट्टी पडद्याशेजारी धरून त्यांनी छटा जुळवली आणि मग आजीचा चेहरा तपासला, कारण साडी जुळली आणि चेहरा हिरवट झाला तर जुळणी चुकलेली असते. चेहरा बरोबर होता. जवळच उभ्या असलेल्या मावशीच्या निळ्या कोटाबद्दल आमच्यापैकी कुणालाच काही आठवेना, तो आला तसा राहू दिला.

अशी जुळवाजुळव कितपत रास्त, हा प्रश्न माझ्या मनात होताच. गोधडी हा काही पुरावा नव्हे, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तर नव्हेच. म्हणून मी दोन प्रती मागितल्या: एक टेपवरून आली तशी, हात न लावलेली, आणि दुसरी छटा जुळवलेली. काकांनी आनंदाने दिल्या.

तक्रारी दोन आहेत. पहिल्यांदा मिळालेली फाइल आजच्या रुंद पडद्यासाठी ताणलेली होती, त्यामुळे हडकुळी आजी चांगली गरगरीत दिसत होती. मूळ चार-तीनच्या प्रमाणात पुन्हा करून घ्यावी लागली. “लोकांना काळ्या पट्ट्या आवडत नाहीत,” हे त्यांचे स्पष्टीकरण खरे असेलही, पण आधी विचारायला हवे होते. दुसरे म्हणजे दिलेली तारीख पाळली जात नाही. दोन तासांची कॅसेट उतरायला दोन तास लागतातच, त्यात घाई करता येत नाही, हे मान्य. तरी आठवडा म्हणून तीन आठवडे होतात.

एका कॅसेटचे ६०० रुपये पडले. हात न लावलेली प्रत डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) या फाइलच्या स्वरूपात मागावी. तिला तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेव्हा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घरून न्यावा, कारण दुकानात असतो तो लहान पडतो. कॅसेट परदेशातली असेल तर ते आधी सांगावे, काकांनी ओळखले तरीही. गोधडी मी त्या दिवशी दुकानातच विसरलो होतो. आणायला गेलो तेव्हा ती घडी करून दुसऱ्या व्हीसीआरवर ठेवलेली होती आणि खालच्या यंत्रात कुणाची तरी मुंज चालू होती.