गच्चीवरच्या डासांसाठी घेतलेली साधने

संध्याकाळी गच्चीवर तासभर निवांत बसता यावे, एवढ्याच अपेक्षेने मी या पावसाळ्यात डासांवरची चार-पाच साधने वापरून पाहिली. त्यांतले सर्वांत महागडे साधन, म्हणजे निळसर प्रकाशाचा, विजेच्या जाळीचा दिवा, सर्वांत निरुपयोगी ठरले. रात्रभर चटचट आवाज ऐकून समाधान वाटे. मात्र सकाळी खालची ताटली पाहिली की तीत पतंग, भुंगेरे आणि पंखवाल्या मुंग्यांचाच खच असे, डास क्वचित. कारण उघड आहे: चावणारी डासाची मादी माणसाला शोधते ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि घामाचा वास यांच्या आधारे, दिव्याचे तिला फारसे आकर्षण नसते. अमेरिकेतील डेलावेअर येथे १९९६च्या सुमारास अशा दिव्यांत मेलेले कीटक मोजले गेले, तेव्हा १३,७८९ पैकी चावणारे अवघे ३१ निघाले. मेलेल्यांत निरुपद्रवी, किंबहुना उपयोगी कीटकच अधिक होते.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवण्याचा दावा करणारी यंत्रे मी विकतच घेतली नाहीत, कारण वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००७मधील आढाव्यात त्यांचा काहीही उपयोग आढळला नव्हता. प्लगला लावायची द्रवाची बाटली बंद खोलीसाठी ठीक. मोकळ्या हवेत तिचा अंश टिकत नाही. कॉइल वारा अगदी मंद असताना खुर्चीजवळ, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवल्यास थोडाफार गुण येतो, परंतु तिचा धूर फुप्फुसांना चांगला नव्हे आणि घरात दमेकरी असल्यास ती टाळलेलीच बरी.

खरा उपयोग झाला तो माळ्यावर पडून असलेल्या जुन्या टेबलफॅनचा. डास उडण्यात अगदीच दुबळा असल्याने पंख्याच्या झोतापुढे त्याला तग धरता येत नाही, शिवाय आपला श्वास व घामाचा वासही त्या झोतात विखुरतो. पंखा मात्र तोंडावर नव्हे, तर पायांच्या दिशेने लावावा, कारण घोटे हेच त्यांचे आवडते ठिकाण. पंखा पोहोचत नाही तिथे, विशेषतः झाडांना पाणी घालताना, डायएथिल बेंझामाइड हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले क्रीम उघड्या त्वचेवर सर्वत्र सारखे लावावे. फक्त हातापायांवर ठिपके देऊन भागत नाही. हात चिकट होतात, ही तक्रार खरी आहे.

हे सगळे करूनही दिवसाढवळ्या चावे थांबेनात. शोध घेतला तेव्हा तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत, त्या महागड्या दिव्यापासून दोन हातांवर, अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास दिवसा चावतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. आता दर रविवारी सगळ्या बशा काथ्याने घासून उन्हात पालथ्या घालतो. दिवा काढून ठेवला आहे.