पहिली कादंबरी आणि दोन फुकट दारं: प्रतिलिपी व केडीपी

लिहून झालेली गोष्ट मराठीत आज दोन ठिकाणी पैसे न देता आणि कुणाच्या होकाराची वाट न बघता प्रसिद्ध करता येते: प्रतिलिपी हे वाचन-लेखनाचं ॲप, आणि ॲमेझॉनची केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग), म्हणजे लेखकाने स्वतःच किंडलचं ई-पुस्तक विकायला ठेवण्याची सेवा. दोन्हींचं कौतुक भरपूर झालेलं आहे. इथे प्रश्न एवढाच, की पहिली कादंबरी किंवा पहिला कथासंग्रह हातात असलेल्या माणसाला तिथे कामाचा अभिप्राय किती मिळतो, आणि पुढे पुस्तक होण्याच्या वाटेत ती सेवा कुठे आडवी येते. आडवी येते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे, आणि हे कळेपर्यंत चूक होऊन गेलेली असते.

आधी प्रतिलिपी. २०१४ साली सुरू झालेली ही बेंगळुरूची कंपनी मराठीसह बारा भाषांत चालते. खातं उघडायचं, मजकूर चिकटवायचा, मुखपृष्ठाचं चित्र लावायचं, वर्ग निवडायचा, झालं. कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. वाचणारे खरे आहेत आणि मोठ्या संख्येने आहेत, हे या सेवेचं सगळ्यात मोठं बळ. कौटुंबिक, प्रेमकथा, रहस्य, भय या चार वर्गांत रोज भाग टाकणाऱ्याला वाचक मिळतोच. शांत, कमी घटनांची, शेवट उघडा ठेवणारी कथा मात्र तिथे पडून राहते. तो कथेचा दोष असेलच असं नाही. लोकल ट्रेनमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला 'पुढे काय झालं' हे हवं असतं.

अभिप्रायाचं काय? समीक्षेच्या रकान्यात 'खूप छान', 'अप्रतिम', 'पुढचा भाग लवकर टाका' एवढंच फार. पाच तारे देणं हा तिथला नमस्कार आहे, त्यावरून लिखाण जोखू नये. शिवाय 'मी तुमचं वाचलं, तुम्ही माझं वाचा' हा व्यवहार चालतोच. तरीही ही सेवा अभिप्रायासाठी वापरता येते, फक्त शब्दांकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त बघावं लागतं.

प्रत्येक भागाची वाचनसंख्या वेगळी दिसते. समजा भाग १ ला ४००, भाग २ ला २१०, भाग ३ ला १९५, भाग ४ ला १९० आणि भाग ५ ला ८० वाचनं आहेत. पहिल्या भागानंतर निम्मे लोक गळणं नेहमीचं आहे, ते नुसते डोकावून गेलेले असतात. खरी बातमी भाग ४ आणि ५ च्या मधे आहे. तीन भाग टिकून राहिलेली माणसं तिथे उठून गेली, म्हणजे चौथ्या भागात काहीतरी फसलं आहे. बहुधा दोनपैकी एक सापडतं: नायिकेचं बालपण सांगायला गोष्ट मधेच थांबवलेली असते, नाहीतर भागाच्या शेवटी प्रश्नच उरलेला नसतो. हे आकडे महिनाभर जुने झाल्यावर वाचावेत. ताज्या भागाची संख्या नेहमी कमीच दिसते आणि उगाच धसका बसतो.

दुसरी युक्ती भागाच्या शेवटी प्रश्न विचारण्याची. 'कसं वाटलं ते नक्की कळवा' लिहिलं की 'छान' येणार हे ठरलेलं. त्याऐवजी 'पत्र कुणी लपवलं असेल असं वाटतं?' असं विचारा. दहा जणांपैकी आठ जणांनी बरोबर नाव घेतलं तर तुमचं रहस्य फुटलेलं आहे. दहाही जणांनी 'कुठलं पत्र?' म्हटलं तर ते पत्र तुम्ही इतकं चोरून ठेवलंत की ते कुणाला दिसलंच नाही. भागाची लांबी हजार ते दीड हजार शब्द ठेवावी. तीन हजारांचा भाग फोनवर अर्ध्यात सुटतो आणि मग गळतीचं कारण लांबी की लिखाण, हे कळत नाही.

जे तिथे मिळत नाही ते म्हणजे संपादन. 'सत्यकथा' हे मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, पण त्याचं नाव अजून निघतं ते बऱ्याच अंशी त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या पत्रांमुळे. कथा परत यायची ती कुठे ढिली पडली आहे, कुठलं पात्र अपुरं राहिलं आहे, हे सांगणाऱ्या पत्रासह. 'आवडली नाही' आणि 'सातव्या पानावर निवेदकाला न दिसणारी गोष्ट त्याने सांगितली आहे' यातला फरक कुठलंही ॲप भरून काढत नाही. त्यासाठी तीन माणसं धरावीत: एक भरपूर कादंबऱ्या वाचणारं, एक त्या विषयातलं (गोष्ट साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ घडत असेल तर तिथे काम केलेलं) आणि एक शुद्धलेखन व वाक्यरचना बघणारं. तिघांना एकाच वेळी देऊ नये. पहिल्याचं ऐकून दुरुस्ती करायची, मग दुसऱ्याला द्यायचं. शुद्धलेखनवाला कायम शेवटी, नाहीतर तो दुरुस्त करतो तीच पानं पुढे कापली जातात.

आता तो क्रम. दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुधा 'अप्रकाशित' साहित्य मागतात. ॲपवर टाकलेली कथा प्रकाशित धरली जाते, तिला चाळीसच वाचनं असली तरी. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही नव्या कथालेखकासाठी छापील नाव होण्याची सगळ्यात मोकळी जागा आहे. म्हणून कथा आधी तिकडे पाठवाव्यात, त्याही पावसाळा सुरू व्हायच्या आत, कारण गणपतीपर्यंत अंकांची पानं लागू लागतात. तीन-चार हजार शब्द, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर नीट दिसेल अशा टंकनात), सोबत दोन ओळींचं पत्र. कथेचा सारांश किंवा संदेश सांगू नये. नकार आला, किंवा अंक निघून गेला, की मग ॲप आहेच.

केडीपीचा मामला वेगळा. हे दुकान आहे. फळी फुकट मिळते, पण गिऱ्हाईक आपलं आपण आणायचं. मराठी तिथे ई-पुस्तकापुरती धरावी. छापील प्रत वाचकाच्या हातात द्यायची तर इथला मुद्रक गाठणं सोपं.

तांत्रिक बाजूत मराठी माणूस अडखळतो तो फॉन्टवर. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल तशीच चढवली तर किंडलवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते आणि रूपांतरात 'ऱ्य'चा बळी जातो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. तुमचा नायक सह्याद्रीच्या दऱ्यांत हिंडत असतो आणि रूपांतरानंतर दर्यांत बुडतो. 'वाऱ्यावर', 'पायऱ्या', 'तुऱ्यात' हे शब्द शोधून एकेक तपासा. नुसतं 'शोधा-बदला' फिरवलं तर 'सूर्य' आणि 'कार्य'सुद्धा बिघडतात. रफार सरकणं आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाणं हे आणखी दोन नेहमीचे अपघात. फाइल वर्डची असावी, प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' ही शैली लावावी म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते, आणि परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून आत ढकलू नये. मुखपृष्ठ २५६० बाय १६०० पिक्सेल, उभं. चढवल्यावर तपासणीला ७२ तासांपर्यंत लागू शकतात.

लेखकाला मिळणाऱ्या रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' या वेगळ्या योजनेत घालावं लागतं, आणि त्यात ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. इथेच दोन सेवा एकमेकींवर आदळतात. प्रतिलिपीवर कादंबरीचे चाळीस भाग तसेच ठेवून सिलेक्टमध्ये जाणं म्हणजे नियमभंग. बाहेर ठेवता येतो तो नमुन्यादाखल दहा टक्के मजकूर. म्हणून आधी ॲपवरचे भाग उतरवा, मग सिलेक्टची खूण करा. ही नोंदणी ९० दिवसांनी आपोआप पुढे चालू राहते, नको असेल तर ती खूण आठवणीने काढावी लागते. छापील आवृत्तीवर या अटीचा काही परिणाम नाही. त्या ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट वाटता येतं. ओळखीच्यांना हेच दिवस कळवावेत आणि वाचून झाल्यावर दोन ओळी लिहायची विनंती करावी, कारण अभिप्राय नसलेलं नव्या लेखकाचं पुस्तक कुणी विकत घेत नाही. अमेरिकेतले मराठी वाचक गिऱ्हाईक असतील तर कराच्या प्रश्नावलीत पॅन जरूर भरा. तो भरला की तिथल्या रॉयल्टीवरची करकपात भारत-अमेरिका कर-करारानुसार १५ टक्के होते, नाहीतर ३० टक्के जातात.

दोन्हींची तुलना करून निकाल द्यायचा तर: सराव आणि वाचकाची नाडी कळण्यासाठी प्रतिलिपी, पाचपैकी चार. केडीपी ज्याच्याकडे आधीच वाचक आहेत त्याला चार, ज्याच्याकडे नाहीत त्याला दोन.

तिसरा रस्ता, पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांचा, त्याला तारे द्यायचे नाहीत, फक्त त्यांचं दरपत्रक कसं वाचावं ते सांगायचं. 'आयएसबीएन नोंदणी शुल्क' (आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक) असा रकाना दिसला की थांबा. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था मोफत देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. पानांची संख्या सोळाच्या पटीत विचारा. डेमी या नेहमीच्या आकारात एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, सोळा पानांचा, म्हणजे २०० पानांचं पुस्तक साडेबारा फर्म्यांचं. ते १९२ किंवा २०८ पानांत बसवलं तर कागद वाया जात नाही. साठ हजार शब्दांची कादंबरी डेमीत सव्वादोनशे पानांच्या आसपास जाते. कुणी तीनशे सांगत असेल तर अक्षर फुगवलेलं आहे आणि त्याचे पैसे तुम्ही देणार आहात. 'संपादन' या रकान्यात नक्की काय, हे विचारून एका प्रकरणाचा नमुना मागा. बहुतेक ठिकाणी ते मुद्रितशोधनच, म्हणजे नुसत्या छपाईच्या चुका काढणं, निघतं. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे, म्हणून पैसे भरून एक पुस्तक आधी काढून बसलात तर ते दार बंद होतं.

आणि करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ लेखकाच्या बाजूचं आहे: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सुटतो. पण हे सगळं करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हाच. 'सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' ही ओळ बहुधा शेवटच्या पानावर, सहीच्या जरा वर असते. तिच्यावर काट मारून तिथे 'मराठी छापील आवृत्ती, पाच वर्षे' असं लिहा आणि काटेजवळ दोघांच्याही सह्या घ्या.