बोलेरो निओला ट्रॉलीचा हूक : वाडीच्या (नागपूर) मिस्त्रीला पाचपैकी चार

चार गुण लोखंडाच्या कामाचे. एक कापला तो वायरिंगचा, त्याचं खाली सांगते.

संत्र्याची बाग आमची काटोलकडे. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की थोड्या थोड्या मालासाठी दरवेळी भाड्याची गाडी परवडत नाही, म्हणून दोन चाकांची छोटी ट्रॉली करून घेतली. घरची गाडी बोलेरो निओ. ट्रॉलीची गोष्ट काढली की लोक आधी इंजिनचं विचारतात. दीड लिटरचं डिझेल, १०० पीएस, २६० न्यूटन-मीटर टॉर्क. भरलेली ट्रॉली ती निमूट ओढते. खरं विचारायचं ते हे की हूक गाडीच्या कशाला कसलाय.

नागपुरात बर्डीवर एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला चकचकीत क्रोमचा पाइप दाखवला, मधोमध गोळा बसवलेला. बंपरच्याच ब्रॅकेटला चार बोल्ट. मी विचारलं, यानं ट्रॉली ओढली जाते का? "ताई, हत्ती बांधा, ओढते!" मग बिलावर तसं लिहून द्या म्हटलं, तर म्हणे हे मागून कोणी ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून असते. तिथून निघाले. गाडीखाली कंपनीचा ओढायचा हूक असतो तोही यासाठी नाही. फसलेली गाडी बाहेर काढायला तो ठीक; ट्रॉलीचा भार खालच्या दिशेनंही येतो आणि प्रत्येक खड्ड्याला येतो.

वाडीचा मिस्त्री भाव सांगायच्या आधी गाडीखाली शिरला, तिथेच मला पटला. निओ लॅडर चेसिसवर आहे, म्हणजे मागेपर्यंत दोन जाड पट्ट्या येतात. त्यानं दोन्हींना प्लेट लावून मध्ये चौकोनी पाइप आडवा घातला. मी म्हटलं, वेल्डिंग काहून नाही करत? म्हणाला, "चेसिसला वेल्डिंग नाही मारत मी ताई. टाक्याच्या बाजूनंच चीर जाते." सगळं बोल्टवर, आणि बोल्टच्या डोक्यावर १०.९ (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) कोरलेलं मी स्वतः पाहिलं. पट्टी आतून पोकळ असते, नट आवळला की चेपते, म्हणून प्रत्येक बोल्टला आत लोखंडी नळी घातली. हे त्यानं न सांगता केलं.

ब्रेझा, व्हेन्यू यांना अशी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. तिथे भार पसरवायला बॉडीच्या आत लांब ब्रॅकेट लागतात, दोन प्लेटांवर भागत नाही. आणि गाडीच्या पुस्तकात ट्रॉली ओढू नका असं छापलेलं असेल तर मिस्त्री कितीही हो म्हणो, विषय संपला.

गोळा ५० मिलिमीटरचा घ्या, ट्रॉलीचा कपलर, म्हणजे गोळ्यावर बसणारी वाटी, तीही ५०चीच. आकडा दोन्हींवर कोरलेला असतो. ऑनलाइन ४७.६चा अमेरिकन मापाचा गोळाही मिळतो. तो ५०च्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून सुटतो. म्हणून कपलर कितीही पक्का असो, दोन साखळ्या खालून एकमेकींवर आडव्या घालायच्याच. कपलर सुटला तर ट्रॉलीचं नाक रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांवर पडतं.

कॅरेट कुठे ठेवता याला हूकइतकंच महत्त्व. एक कॅरेट वीसेक किलो धरा. सगळी मागे रचली की नाक हलकं होतं आणि कळमेश्वरच्या पुढे मोकळा रस्ता लागला की ट्रॉली शेपूट हलवायला लागते. एकूण वजनाचा सात ते दहा टक्के भार हूकवर हवा. माझी ट्रॉली भरून सहाशेच्या आत, म्हणजे चाळीस ते साठ किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: कपलर हूकच्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून सहाशे किलोहून जास्त भरत नाही. युरोपात बिनब्रेकच्या ट्रॉलीला ७५० किलोची मर्यादा आहे, पण आपल्याकडे पुढची दुचाकी कधी थांबेल सांगता येत नाही.

आता तो कापलेला गुण. सात पिनांचा सॉकेट लावला, त्यात पांढरी वायर अर्थिंगची. ती मिस्त्रीच्या पोरानं उघड्या लोखंडाऐवजी रंगावरच कसली. डावा इंडिकेटर दिला की ट्रॉलीचा टेललॅम्पही लुकलुकायचा. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंग पाहा. रंग खरवडून पुन्हा कसल्यावर नीट झालं, पण ते मला दुसरीकडून करून घ्यावं लागलं.

बिल वायरिंग धरून साडेअकरा हजार झालं. ट्रॉलीच्या नोंदणीचं वेगळं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरलाही नोंदणी लागते. निओवाल्यांना आणखी एक: मागचं दार बाजूला उघडतं, वर स्टेपनी. ट्रॉली जोडलेली असली की दार तिच्या जॅकच्या दांड्याला अडतं, तेव्हा डिकीतलं जे लागेल ते आधीच काढून घ्या. गोळ्याची पट्टी मात्र पिन लावून सुटी होणारीच मागा. मालकाला चार पैसे जास्त लागतात, पण रात्री पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची नडगी वाचते.