बेसवर फ्लॅटवाउंड चढवा! डाडारिओ क्रोम्सचा सविस्तर रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. बेस गिटारचा आवाज बदलायचाय आणि खिशात मोजकेच पैसे आहेत तर पेडल घेऊ नका, नवा अँप बघू नका, आधी तारा बदला. मी डाडारिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारांचा ४५-१०० चा सेट लावलाय (आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), त्याला बरेच महिने झाले, रोज घरी आणि शनिवार-रविवारी ग्रुपबरोबर वाजवून झालंय, आणि आता त्या काढाव्यात असं अजिबात वाटत नाही.

आधी बेस कुठला ते सांगते, कारण तारांचा रिव्ह्यू बेस न सांगता देण्यात काही अर्थ नसतो. माझ्याकडे स्क्वायरचा (हा फेंडर कंपनीचा स्वस्तातला ब्रँड) क्लासिक वाइब सीरिजमधला '६०ज प्रिसिजन बेस आहे. पॉपलरची बॉडी, मेपलचा नेक, मध्ये तो दोन तुकड्यांचा स्प्लिट पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन, बास. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंची म्हणजे साधारण ८६४ मिलिमीटर, लहान हाताच्या माणसाला पहिल्या चार फ्रेट्सवर ताण येतोच, माझे हात लहानच आहेत, पण नेक गोलसर असल्यामुळे अंगठा मागे नीट टेकतो आणि निभतं. प्रिसिजन हे फेंडरचं डिझाइन १९५१ चं, स्प्लिट पिकअप १९५७ मध्ये आला, आणि तेव्हा या बेसवर तारा फ्लॅटवाउंडच असायच्या. राउंडवाउंडचा तो खणखणीत आवाज साठच्या दशकात रूढ होत गेला. म्हणजे आपण ज्याला 'जुना आवाज' म्हणतो तो त्या बेसचा मूळ आवाज आहे.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेसच्या तारेत आत एक गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ती गुंडाळलेली तार गोल असेल तर राउंडवाउंड, बोटाला खरखरीत लागते, आवाजात झणझणीतपणा असतो, हात सरकवला की किर्र आवाज येतो. तीच चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाउंड, हात फिरवला तर गुळगुळीत, स्लाइड केलं तरी किर्र नाही. क्रोम्समध्ये ही पट्टी स्टेनलेस स्टीलची आहे आणि वरून पॉलिश केलेली.

आवाजाबद्दल आता. नव्या क्रोम्स लावल्यावर पहिले काही आठवडे त्या बऱ्यापैकी ब्राइट वाटतात, फ्लॅट म्हणजे एकदम दबका आवाज अशी अपेक्षा असेल तर दचकाल, पण फ्लॅट्समध्ये क्रोम्स त्याबद्दलच प्रसिद्ध आहेत. घाई करू नका. वाजत राहिल्या की वरचा चटचटीतपणा बसतो आणि मग जो स्वर उरतो ना, गोल, भरीव, सुरुवातीला एक ठसठशीत 'ठुम' आणि मागे स्वच्छ सूर, तो मला वेड लावतो. टोनचा नॉब अर्ध्यावर ठेवला की गायिकेच्या आवाजाखाली बेस अलगद बसतो आणि पूर्ण उघडला तर रॉकलाही चालतो. हो, रॉकलाही! आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवत आलाय, त्याच्या नावाचा रोटोसाउंड या तारांच्या कंपनीचा सेटच आहे, ५० ते ११० गेजचा (जाडीचा), त्यामुळे 'फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांच्या तारा' असं कुणी म्हणालं तर त्याला मेडनचं काहीही लावून द्या आणि बेसचा तो घोडदौडीचा आवाज ऐकवा.

लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फ्लॅटवाउंड तार आधी कापायची नाही. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच तार ठेवायची, जिथे कापायचीय तिथे आधी काटकोनात वाकवायची आणि मग वाकवलेल्या भागाच्या पुढे कापायची, नाहीतर वरची पट्टी आतल्या गाभ्यावरून सुटायला लागते आणि तार मेली म्हणून समजा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. शिवाय फ्लॅट्सचा ताण साधारणपणे राउंडपेक्षा जास्त असतो, त्यामुळे नेक किंचित पुढे झुकतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच वाटायला लागतात. घाबरायचं काही नाही, ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सरळ करणारी सळई) पाव फेरा घट्ट करायचा, एक दिवस नेक बसू द्यायचा, मग परत बघायचं. एकदम अर्धा-पाऊण फेरा फिरवायचा नाही. मी बाराव्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या जरा वर अॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) ठेवलीय, हळू वाजवणाऱ्या हाताला ती छान मानवते. शेवटी ब्रिजवरची सॅडल्स (तारा टेकतात ते तुकडे) पुढेमागे करून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेट्सवरही सूर नेमका लागणं, जुळवून घ्या, तारेचा प्रकार बदलला की ते हमखास हलतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आमचा ग्रुप हौशी आहे, ऑफिसं सांभाळून जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणारा, की-बोर्ड, गिटार, तबला-ढोलकी, दोन गायिका आणि मी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात बेस बरेचदा की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताने उरकला जातो, आणि त्यामुळे बेस आणि तबल्याचं नातं काय असतं याचा विचारच होत नाही. पाश्चात्य बँडमध्ये बेसला किक ड्रमशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) जुळवून घ्यावं लागतं, किकचा ठोका आखूड असतो, दिला की संपला. आपला डग्गा तसा नाही. डग्गा घुमतो, मनगटाने दाबला की त्याचा सूर वर चढतो, मींड घेतो, आणि हे सगळं नेमकं तिथेच चालतं जिथे बेस वाजतो. तिथे राउंडवाउंडचा लांबच लांब वाजत राहणारा सूर टाकला की दोघांचा मिळून नुसता गोंगाट होतो, तबलजी म्हणतो मला माझा डग्गा ऐकू येत नाही, बेसवाला अँप वाढवतो, आणि गाणं चिखलात जातं.

फ्लॅटवाउंडचा सूर मुळातच लवकर आटोपतो. त्यात मी ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा पातळ तुकडा सारलाय, त्यामुळे तो आणखी आखूड झालाय. साधा केरवा घ्या, धा गे ना ति न क धि न. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला डग्गा घुमतो, मधल्या ना ति न क मध्ये तो गप्प असतो. मग मी काय करते, समेवर सूर देते तो आखूड, फक्त टेकू दिल्यासारखा, आणि मधल्या रिकाम्या जागेत सूर थोडा लांबवते, धि येण्याआधी डाव्या हाताचं बोट सैल करून तो तोडते. एवढंच. पण एवढ्यानेच डग्गा मोकळा होतो, आमच्या तबलजींनी स्वतःहून मान डोलावली तेव्हा मला पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं. पन्नास-साठच्या दशकातल्या आपल्या सिनेसंगीतात खालचे सूर डबल बास देत असे, लाकडी, भला मोठा, बोटाने छेडलेला. फ्लॅट आणि स्पंज मिळून त्या आवाजाच्या बरेच जवळ जातात, म्हणून ती गाणी वाजवताना काही खटकत नाही.

अजून एक फायदा, जो मला कुठे वाचायला मिळाला नव्हता. गायिकांबरोबर वाजवताना पट्टी काळी चार, काळी पाच अशी येते आणि तिथे बेसच्या मोकळ्या तारा फारशा कामाला येत नाहीत. मध्येच एखादी मोकळी तार वाजली की राउंडवर ती दाबलेल्या सुरांपेक्षा वेगळी, जास्त झणझणीत ऐकू येते. फ्लॅटवर हा फरक खूप कमी होतो, सगळे सूर एका जातीचे वाटतात. पट्टी आयत्या वेळी बदलणाऱ्या आपल्या गायक मंडळींबरोबर वाजवणाऱ्याला हे सुख काय आहे ते विचारा!

स्पंजची आणि फ्लॅट्सची ही जोडी अर्थातच माझा शोध नाही. जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओतला बेसिस्ट, १९६२ चा प्रिसिजन, ला बेलाच्या जाड फ्लॅट तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. एका बोटाने माणूस काय वाजवून गेलाय! मोटाउन वर्षानुवर्षं रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नव्हतं, मार्व्हिन गेच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या कव्हरवर जेमर्सनचं नाव आलं, तोवर जगभर लोक त्याचा बेस ऐकून नाचत होते आणि वाजवणारा कोण हे माहीत नव्हतं. तो अल्बम हेडफोनवर ऐका, गाणं बाजूला ठेवून फक्त बेस ऐका. त्यानंतर मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट डोनाल्ड 'डक' डन, कमी सूर आणि जागच्या जागी. आणि बॉब मार्लीबरोबरचा बेसिस्ट अॅस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट, त्याच्याकडून मी न वाजवण्याच्या जागा शिकतेय.

आणि आपल्याकडचे! आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंग्जमध्ये बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी जे करून ठेवलंय त्यावर आपली दोन-तीन पिढ्यांची कानांची मशागत झालीय आणि नावं मात्र घरात कुणालाच माहीत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. दक्षिणेत इळैयाराजा बेसची ओळसुद्धा स्वतः नोटेशनमध्ये लिहून देतात, त्यांची ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकली की बेस हाच दुसरा गायक वाटतो. भाषा कळत नसली तरी ऐका.

उजव्या हाताबद्दल थोडं. फ्लॅट्स गुळगुळीत असल्यामुळे तर्जनी-मधलं बोट आलटून पालटून वाजवताना घर्षण कमी लागतं, जोर लावायची सवय असेल तर पहिले काही दिवस आवाज 'टप टप' येईल. हलका हात ठेवा आणि अँप थोडा वाढवा, सूर भरून येतो. पिकअपच्या बरोबर वर वाजवलं की मधाळ, ब्रिजकडे सरकलं की टणक, हे दोन रंग पुरेसे आहेत. अंगठा सगळ्यात जाड तारेवर टेकवून ठेवलात तर ती मध्येच घुमत नाही. पिक वापरत असाल तरी मजा आहे, अमेरिकेच्या बेसिस्ट कॅरल के या फ्लॅट तारा, पिक आणि फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) दाब वापरून वाजवायच्या, आणि तो आवाज साठच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या असंख्य रेकॉर्डवर आहे.

कुणी घेऊ नयेत? स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका मारून वाजवणाऱ्यांनी. आपली बेसिस्ट मोहिनी डे ज्या ताकदीचं स्लॅप करते तसं काही करायचं असेल तर राउंडच लावा, फ्लॅटवर अंगठ्याचा तो चटका येत नाही. हार्मोनिक्स, म्हणजे तारेला नुसतं बोट लावून काढलेले वरचे सूर, तेही फिके येतात. आणि मोबाईलच्या स्पीकरवर रील टाकणार असाल तर निराशा होईल, कारण खालची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, मोबाईलला ती झेपत नाही आणि राउंडचे वरचे झणझणीत अंश असतात ते इथे कमी आहेत. हेडफोन लावून ऐका म्हणून खाली लिहायचं, दुसरा इलाज नाही.

किंमत राउंडच्या साध्या सेटपेक्षा बरीच जास्त आहे, हे खरं. पण आपल्याकडच्या हवेचा विचार करा. मुंबई-ठाणे-कोकणपट्टीत पावसाळ्यात राउंडच्या खाचांत घाम आणि दमट हवा बसते आणि तारा बघता बघता मरतात. फ्लॅटला खाचाच नाहीत, वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायचं, संपलं. आणि या तारा जुन्या झाल्या की जास्त छान वाजतात, त्यामुळे वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात नेक मात्र हलतो, गणपतीच्या कार्यक्रमांआधी सेटअप एकदा तपासून घ्या.

घेताना पाकिटावर लाँग स्केल लिहिलंय ना बघा, शॉर्ट स्केलचा सेट ३४ इंची बेसला पुरणार नाही. पाच तारांचा बेस असेल तर ४५-१३२ चा सेट मिळतो. हाताला जड तार आवडत असेल तर ५०-१०५, आणि अगदी मऊ हवी असेल आणि खर्चाची तयारी असेल तर थोमास्टिकचा जेएफ ३४४ बघा, तो व्हिएन्नाचा, ४३ ते १०० चा, ताण बराच कमी. नवशिक्यांनी मात्र ४५-१०० नेच सुरुवात करावी, आणि लावल्यावर निदान महिनाभर तरी काढू नये.