ऑटो सीपॅप, अकरा महिने: 4 ते 20 वरून 8 ते 13

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारी सीपॅप मशीन घेतली गेल्या जुलैत, पेरणी आटोपल्यावर, तुरीचे ठेवलेले पैसे मोडून. आता मे संपत आला. म्हणजे पावसाळा, सोयाबीनची काढणी, थंडी आणि कूलर असं सगळं तिच्यावर झोपून झालं आहे. प्रेशरच्या सेटिंगबद्दल मला सुरुवातीला कोणी सरळ सांगितलं असतं, तर माझे दोन महिने वाचले असते. म्हणून लिहितो.

मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरची सात एकर आहे. वय 51, वजन 94 किलो, शर्टाची कॉलर 43 सेंटिमीटर. घोरणं वीस वर्षांपासूनचं, त्याचं काही वाटत नव्हतं. बायको मात्र म्हणायची, "घोरता ते घोरता, मधीच श्वास थांबते ना तुमचा! मी मोजत बसते, वीसपर्यंत मोजलं तरी येत नाही." मी हसण्यावारी नेलं. मग एका जानेवारीत भरदुपारी चालत्या मोटरसायकलवर डोळा लागला आणि गाडीसकट कोणाच्या तरी पऱ्हाटीत गेलो. लागलं फारसं नाही, पण शेतमालकाने विचारलं, "गुरुजी, घेऊन होते का?" तेव्हा नागपूरला जाऊन झोपेची तपासणी केली. तासाला 42 वेळा श्वास अडकत होता, ऑक्सिजन 71 पर्यंत उतरत होता. तासाला 5 च्या आत असला तर ठीक, 30 च्या वर गेला की तीव्र. या आकड्याला एएचआय म्हणतात, पुढे तो वारंवार येईल.

आधी एक गैरसमज. ही ऑक्सिजनची मशीन नाही. कोरोनापासून गावात नाकाला नळी दिसली की लोक हळहळतात. माझ्याबद्दलही "मास्तर ऑक्सिजनवर आहे म्हणे" असं पारावर झालं. आत फक्त पंखा आहे, खोलीतलीच हवा तो दाबाने घशात सोडतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, ती हवेच्या दाबाने उघडी राहते, एवढंच. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला.

हा दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. हे मला कळलं ते आमच्या ठिबकच्या नळीने. बादलीत नळी 10 सेंटिमीटर खोल बुडवायची आणि बुडबुडे निघेपर्यंत फुंकायचं: तो 10 चा दाब. मशीन जास्तीत जास्त 20 देते, म्हणजे जेमतेम वीतभर पाणी. करून पाहा. 4 ला काही वाटत नाही, 10 ला गाल फुगतात, 20 ला कळतं की रात्रभर हे नको.

माझी मशीन ऑटो आहे, म्हणजे दाब स्वतः कमीजास्त करते. विकणाऱ्याने 4 ते 20 ठेवून दिलं, मास्क बांधून दाखवला आणि म्हणाला, "ऑटो आहे सर, तुम्हाले काही करा लागत नाही." चहा पिऊन गेला, तो परत फोनवर सापडला नाही. माझा खरा राग त्या वाक्यावर आहे.

पहिले सहा आठवडे असे गेले. मास्क लावून पडलो की जीव गुदमरायचा. सगळ्यांना वाटायचं हवा जास्त होते म्हणून. मलाही तेच वाटायचं. खरं उलटं होतं: 4 वर माझ्यासारख्या माणसाला हवा पुरतच नाही, बंद खोलीत उशीत तोंड खुपसल्यासारखं होतं. त्यात रॅम्प नावाची सोय चालू होती, ती पहिली वीस मिनिटं दाब 4 वरच धरून ठेवायची. म्हणजे जागा असतानाच सगळ्यात जास्त गुदमरायचं. दीडदोनला मास्क काढून फेकायचो. सकाळी पडद्यावर एएचआय 11, कधी 14. बेचाळीसपेक्षा बरा, पण डोकं जडच.

पुतण्या यवतमाळला इंजिनिअरिंगला आहे. त्याने मशीनमधलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रात्र उघडून दाखवली. तो आलेख मी अर्धा तास पाहत बसलो. स्वतःची झोप अशी सातबाऱ्यासारखी समोर मांडलेली कधी पाहिली नव्हती. दाबाची रेघ 4 वर लोळत आहे, मग घसा मिटल्याच्या चारपाच खुणा लागोपाठ, मग रेघ चढते 9, 10, 11, खुणा थांबतात. थोड्या वेळाने मशीनला वाटतं सगळं ठीक आहे, रेघ हळूहळू उतरते, पुन्हा खुणा. पहाटे साडेतीन ते पाच तर नुसती गर्दी. पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते, तेव्हा स्नायू सगळ्यात ढिले पडतात. ऑटो म्हणजे चोरी झाल्यावर शिट्टी वाजवणारा जागल्या. श्वास अडकल्यावर दाब वाढवायला तिला वेळ लागतो. खालची मर्यादाच नीट असली तर चोर आत येत नाही.

त्याच आलेखात 95 टक्क्यांचा आकडा असतो. रात्रीतला 95 टक्के वेळ दाब त्या आकड्यावर किंवा खाली होता, असा त्याचा अर्थ. माझा होता 11.4. म्हणजे मला लागतो अकराच्या आसपास आणि मशीन सुरुवात करते चारपासून!

फोटो काढून नागपूरच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं: खालचं 7 करा, रॅम्प बंद करा, बाकी हात लावू नका, आठवड्याने पुन्हा पाठवा. पहिल्याच रात्री गुदमरणं गेलं. आठवड्याची एएचआयची सरासरी 5.8. मग 8 केलं: 3.1. मला चेव आला आणि डॉक्टरांना न विचारता 10 करून पाहिलं. सकाळी पोट असं टम्म, की ओला लसूणघास खाल्लेल्या बैलाला होतं तसं. हवा अन्ननलिकेतून पोटात जाते. शिवाय आलेखात वेगळ्याच खुणा वाढल्या, घसा उघडा असून श्वासच न घेतल्याच्या. काही लोकांत दाब वाढवला की हे होतं. त्यावर अजून दाब हा उपाय नाही. डॉक्टरांना सांगितलं, बोलणी खाल्ली, 8 वर परत आलो. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असलेल्यांनी तर माझ्यासारखा उद्योग करूच नये.

श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोयही असते, 1 ते 3 पर्यंत. मी 3 वर होतो, आरामाचं वाटायचं. पण 8 वर 3 चा आराम म्हणजे श्वास सोडताना 5 च उरतात आणि घसा मिटतो तो बहुतेक त्याच टोकाला. डॉक्टरांनी ते 1 वर आणलं, आकडा 2.4 वर आला.

वरची मर्यादा 20 वरून 13 का केली, त्याची गोष्ट माझ्या मिशीची आहे. मास्क नाकातोंडावरचा, मिशी जाडजूड. तिच्यातून हवा गळायची, फर्र करून डोळ्यात यायची. गळती वाढली की मशीनचा अंदाज चुकतो. काही रात्री दाब 16 वर जायचा, त्याने गळती अजून वाढायची, की मी जागा. पट्टे करकचून आवळले तर नाकाच्या हाडावर व्रण पडला. तो दोन आठवडे घेऊन शाळेत गेलो. शेवटी नुसता नाकावरचा मास्क घेतला आणि मिशी कातरली. तीस वर्षांची मिशी! पोट्टे वर्गात ओळखेनात. नाकाच्या मास्कला अनेकांना दाबही कमी लागतो असं डॉक्टर म्हणाले. माझा 95 टक्क्यांचा आकडा 11.4 वरून 10.2 झाला. मग वर 13 पुरेसं होतं.

म्हणून माझं मत: आकडा बदलण्याआधी गळती पाहा. माझी अर्धी तक्रार मिशीची होती.

ऋतूंचं थोडक्यात. सोयाबीन काढणीत थ्रेशरच्या धुळीने फिल्टर आठ दिवसांत मातकट होतो, नाक चोंदतं, आणि नाकाचा मास्क तेव्हा कामाचा राहत नाही. त्या दिवसांपुरता जुना नाकातोंडावरचा मास्क लावतो. डिसेंबरात नळीत पाणी साचून गुडगुड आवाज यायचा, कारण गरम ओली हवा थंड नळीत निवते. नळी गोधडीत घेतली, मशीन खाटेपेक्षा खाली स्टुलावर ठेवली, मशीन टाकीतलं पाणी गरम करून हवेला देते तो ओलावा 5 वरून 3 केला, गेलं. मे महिन्यात कूलरचीच हवा ओली, पाण्याची टाकी रिकामीच ठेवतो. एरवी टाकीत डिस्टिल्ड पाणीच. आमच्या बोअरच्या पाण्याने चार दिवसांत तळाला पांढरा थर धरला होता.

हरभऱ्याच्या ओलिताला शेताची लाईन आठवडा-आठवडा रात्रीची असते. तेव्हा रात्र धुऱ्यावर जाते आणि झोप सकाळी, सुटी असली तर. शाळा आणि जागरण दोन्ही पडलं की झोप तीन तासांची आणि त्या दिवसांचे आकडे धरायचे नाहीत. माझ्या मशीनचा दिवस दुपारी 12 ला बदलतो, त्यामुळे सकाळी अकराला झोपून दुपारी एकला उठलो तर एक झोप दोन दिवसांत वाटली जाते. हे कळेपर्यंत मी आकडे पाहून उगाच घाबरत होतो. घरची लाईन गेली तर इन्व्हर्टर आहे. पाणी गरम करणं बंद ठेवलं तर मशीन वीज फार कमी खाते, रात्र निघते. एकदा इन्व्हर्टरही बसला. मास्कमध्ये अचानक हवा थांबली की माणूस बहुतेक वेळा जागा होतो, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं, नाकातोंडावरच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, जीव अडकत नाही. आईची ती भीती होती.

एप्रिलमध्ये दिग्रसचा चुलतभाऊ आला. त्याने कुणाची तरी वापरलेली मशीन स्वस्तात घेतली होती. दारातूनच म्हणाला, "दादा, तुयं सेटिंग सांग ना, तेच टाकतो. आठ अन् तेरा ना?" म्हटलं, माझा चष्मा लावून तुला वाचता येईल का? कार्ड काढ आधी. त्याच्या आलेखात गळती एवढी होती की बाकीच्या रेघांना काही अर्थच नव्हता. मास्कची रबरी गादी फाटलेली, तिला त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलेली. वर आधीच्या मालकाचं 14 चं एकच ठोक प्रेशर तसंच चालू. तपासणी केली का विचारलं तर म्हणे, "घोरतो ना मी, अजून काय तपासा लागते?" त्याला जेवू घातलं, नवीन गादी मागवून दिली आणि डॉक्टरांची वेळ घेतली. येत्या सोमवारी पहाटेच्या एसटीने नागपूरला जातो आहे, मी सोबत.