गादा आणि पॉरपॉइज: देवबागच्या पाण्यातले दोघे

देवबाग-तारकर्लीला होडीवाले जो ‘गादा’ दाखवतात, तो बहुतेकदा हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर लांबट वशिंड, त्यावर चिमुकला पर. श्वासाला वर आला की आधी चोच, मग वशिंड दिसतं; ओळखायला सोपा. लांबी अडीच मीटरच्या आसपास.

पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातलग; इथे दिसणाऱ्या ‘फिनलेस’ जातीला पाठीवर परच नाही. डोकं गोल, चोच नाही, जेमतेम दीड मीटर. पाण्यावर क्षणभर काळसर पाठ वळते आणि संपलं! होडीपासून तो लांबच राहतो, म्हणून पर्यटकांना सहसा दिसत नाही. दातही निराळे: गाद्याचे सुळक्यांसारखे, याचे चपटे, फावड्यासारखे.

दोघेही किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले. तिथेच मासेमारीची जाळी, तिथेच होड्यांची गर्दी. दोघांपैकी कुणीही जाळ्यात अडकला की श्वास कोंडून मरतो. गादा जाळ्यातली तारली पळवतो, जाळं फाडतो. मच्छीमाराचा राग मला तरी खोटा वाटत नाही.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गादा ‘संकटग्रस्त’, पॉरपॉइज एक पायरी खाली, ‘असुरक्षित’. तरी मला काळजी दुसऱ्याचीच जास्त. गाद्यामागे निदान पर्यटनाचा पैसा आहे.