दोघांना सारखे हेडसेट की एकाला टॅब? बडोद्यातल्या व्हीआर क्लासचा आमचा अनुभव

यंदा मे महिन्यात दांडिया बाजारजवळ एक व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावला की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटायला लावणारं तंत्र) सायन्स क्लास सुरू झालाय असं शेजारच्या काकूंकडून कळलं, म्हणून माझा नववीतला लेक आणि दहावीतली भाची दोघांना चार रविवारच्या बॅचला घातलं, फी प्रत्येकी 1800. मी चारही रविवार तिथेच बसून होते, त्यामुळे लिहितेय ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

जागा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, पार्किंगचे हाल. आत एसी चांगला आणि प्रत्येक मुलानंतर हेडसेट नीट पुसतात हे आवडलं. मेटा कंपनीचे दोन क्वेस्ट 2 आणि दोन क्वेस्ट 3 हेडसेट आणि थोडे टॅब आहेत, आत मुलांना काय दिसतंय ते बाहेर टीव्हीवर दिसतं.

विषय होता हृदय. पहिल्या रविवारी दोघांना सारखे हेडसेट दिले, खोलीएवढं हृदय आणि त्यात दोघं फिरतायत. मुलं खूश, नुसतं "ताई हे बघ", "अरे इकडे ये", "हे नाही ते" चाललेलं. बघायला फार छान वाटलं पण घरी आल्यावर मी विचारलं की फुफ्फुसाकडे रक्त कुठल्या कप्प्यातून जातं, तर दोघंही हवेत बोट दाखवायला लागले, नाव कोणालाच येईना. मग माझ्या लक्षात आलं की आत बोट दाखवून काम भागत होतं, बोलायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या रविवारी एका हेडसेटचं चार्जिंग नव्हतं. सर म्हणाले आज जरा चालवून घ्या, आणि लेकाला क्वेस्ट 3 आणि भाचीच्या हातात टॅब दिला. चारातला सगळ्यात चांगला दिवस तो ठरला! टॅबवर पुस्तकातल्यासारखी आकृती, लेक आत रक्ताच्या पेशीबरोबर उभा, आणि त्याने सांगितल्याशिवाय हिने झडप उघडायची नाही. तो म्हणतो "ताई, उजवीकडची उघड", ही म्हणते "माझ्याकडे ती डावीकडे आहे". त्यात हा इंग्लिश मिडियमचा, एट्रियम म्हणतो, ती गुजराती मिडियमची, कर्णक म्हणते. शेवटी "वरचा कप्पा" यावर दोघांचं जमलं, पण उजवं-डावं काही सुटेना. मग भाचीने टॅबची स्क्रीन बाहेर करून तो स्वतःच्या छातीशी धरला आणि म्हणाली, "आता मला बघ." लेकाने हेडसेटवर दोनदा टकटक केलं, समोरची खोली दिसायला लागली, आणि दोन सेकंदांत ओरडला, "अगं, चित्रातलं हृदय आपल्याकडे तोंड करून आहे!" आकृतीत उजवा भाग आपल्या डाव्या हाताला का असतो हे शाळेत पाठ करूनही त्याच्या डोक्यात बसलं नव्हतं, ते त्या दिवशी बसलं. मला खरंच खूप बरं वाटलं.

पण यात एक मोठी गोष्ट सांभाळावी लागते. पहिली पंधरा मिनिटं लेक नुसता हुकूम सोडत होता आणि भाची बटणं दाबत होती, एरवी घरी उलटं असतं. हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही, व्हीआरवर संशोधन करणारे मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 सालचा अभ्यास आहे, तिघांच्या गटात एकाला हेडसेट आणि दोघांना साधी स्क्रीन दिली तर आत हेडसेटवालाच पुढारी व्हायचा, आणि तीच माणसं समोरासमोर भेटली की तसं होत नव्हतं. म्हणजे ज्याच्या डोक्यावर हेडसेट त्याचा आवाज मोठा. म्हणून अदलाबदल ठरवूनच करायला हवी. इथे ती होत नव्हती, मी सरांशी बोलले तेव्हा दर पंधरा मिनिटांनी बदलायला लागले आणि बदलल्यावर भाचीचा चेहरा खुलला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. तिसऱ्या रविवारी भाचीला क्वेस्ट 2 वर सगळं अंधुक दिसत होतं, डोकं दुखायला लागलं, आणि तिथल्या मदतनीस मुलाने सवय होईल म्हणून सोडून दिलं. असं कसं चालेल? क्वेस्ट 2 मध्ये दोन लेन्समधलं अंतर 58, 63 आणि 68 मिमी अशा तीन जागी लावता येतं, तिच्या आधी कोणा मोठ्या मुलाने 68 वर ठेवलं होतं. 58 वर आणल्यावर लगेच स्पष्ट दिसलं. क्वेस्ट 3 ला चाक फिरवून 58 ते 71 मिमीपर्यंत हवं तिथे लावता येतं. दर मुलाला हे बघून दिलंच पाहिजे, पुसण्याइतकंच जरुरीचं आहे. आणि आत जॉयस्टिकने सरकू देऊ नका, डोळ्यांना वाटतं आपण चाललोय आणि कानातला तोल सांगतो उभे आहोत, त्याने मळमळतं. न सरकता एकदम दुसऱ्या जागी नेणारं सेटिंग असतं ते लावायला सांगा.

सर मनापासून शिकवतात, ऐकून घेतात, पुढच्या बॅचला मी परत पाठवणार आहे. नाव घालतानाच सांगून ठेवा की जोडीतल्या एकाला टॅब द्या, हेडसेट शिल्लक असला तरी. आणि 9 ची बॅच घ्या, बॅटरी साधारण दोन तास टिकते, त्यामुळे 11 च्या बॅचला अर्धा वेळ वायर लावण्यात जातो.